दृष्टिक्षेत्र ते सांधलेली प्रतिमा : मध्य मुंबईतील सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणाचा एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासात भिंगांना मोठे स्थान मिळाले आहे, परंतु काचपट्टी ज्यावर ठेवली जाते त्या मंचाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मंच हाताने सरकविण्यापासून संगणकाच्या आज्ञेने सरकविण्यापर्यंतचा प्रवास प्रस्तुत लेखात भायखळा, परळ व शिवडी या मध्य मुंबईच्या परिसरातील वैद्यकीय संस्थांच्या संदर्भात तपासला आहे. प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘आढळले नाही’ हे विधान काचपट्टीचा किती भाग पाहिल्यावर करता येते, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. स्वयंचलित मंच व प्रतिमा-सांधणीचे तंत्र यांनी हा प्रश्न पूर्णपणे सोडविला नसून त्याचे स्थान बदलले आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सूक्ष्मदर्शक, स्वयंचलित मंच, दृष्टिक्षेत्र, प्रतिमा-सांधणी, परळ, रोगनिदान

प्रस्तावना

सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला वस्तू मोठी दिसते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. वस्तू जितकी मोठी दिसते तितका तिचा कमी भाग दिसतो, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रचलित काचपट्टी ७५ मिलिमीटर लांब व २५ मिलिमीटर रुंद असते. शंभरपट वर्धनाच्या तेल-निमज्जन वस्तुभिंगातून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास जेमतेम ०.१८ ते ०.२० मिलिमीटर भरतो. या वर्तुळास दृष्टिक्षेत्र असे म्हणतात. काचपट्टीवरील उर्वरित सर्व भाग त्या क्षणी निरीक्षकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. तो पाहावयाचा तर मंच सरकवावा लागतो.

याचा अर्थ असा की सूक्ष्मदर्शकीय निरीक्षण हे एका दृष्टीत होणारे दर्शन नसून ते क्रमाक्रमाने करावयाचे सर्वेक्षण आहे. या सर्वेक्षणात एखादी गोष्ट सापडली तर प्रश्न मिटतो, कारण एक जंतू दिसला तरी होकारार्थी विधानास आधार मिळतो. नकारार्थी विधानाची स्थिती वेगळी आहे. ‘आढळले नाही’ असे लिहिणाऱ्याने किती पाहिले, कोणत्या क्रमाने पाहिले आणि काय पाहावयाचे राहिले, यांवर त्या विधानाचे मूल्य अवलंबून असते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर मात्र यांपैकी काहीही लिहिलेले नसते.

या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यास मध्य मुंबईचा परिसर विशेष उपयुक्त ठरतो. भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज, परळमधील हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय व टाटा मेमोरिअल रुग्णालय आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालय या संस्था एकमेकींपासून काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. गिरणगावातील दाट वस्ती, साथी आणि औद्योगिक जीवन यांमुळे या संस्थांमध्ये तपासणीसाठी येणाऱ्या काचपट्ट्यांचा ओघ प्रारंभापासूनच मोठा राहिला आहे.

१. भायखळ्यातील आरंभ : निरीक्षक आणि चित्रकार

ग्रँट मेडिकल कॉलेजची स्थापना १८४५ साली झाली. १८५८ मध्ये हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे मुंबईत आले व या महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र यांचे अध्यापन करू लागले. त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरील विख्यात ग्रंथातील आकृत्या कार्टर यांनीच काढल्या होत्या. मुंबईतील सुमारे तीस वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी मायसेटोमा ऊर्फ मदुरा-पाद, कुष्ठरोग व आवर्ती ज्वर या रोगांवर मूलभूत काम केले.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात अन्नाच्या शोधात मुंबईकडे आलेल्या लोकांमध्ये आवर्ती ज्वराची साथ पसरली. १८७७ मध्ये कार्टर यांना रुग्णांच्या रक्तात सर्पिल आकाराचे जंतू आढळले. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी असेच जंतू पाहून १८७३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. मुंबईतील या अभ्यासावर आधारलेला कार्टर यांचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रकाशित झाला. या रोगाचे वैशिष्ट्य असे की ताप चढलेला असताना जंतू रक्तात दिसतात आणि ताप उतरला की ते दिसेनासे होतात. त्यामुळे एकाच रुग्णाच्या रक्ताविषयी दोन दिवशी दोन परस्परविरुद्ध अहवाल येऊ शकत होते आणि ते दोन्ही खरे असू शकत होते. ‘आढळले नाही’ हे विधान परिस्थितिसापेक्ष असते, याचा हा मुंबईतील एक आरंभीचा धडा होय. येथे प्रश्न काळाचा होता. पुढे तो जागेचा झाला.

त्या काळात निरीक्षणाची नोंद ठेवण्याचे मुख्य साधन रेखाटन हे होते. रेखाटन करणारा अनेक दृष्टिक्षेत्रे पाही, त्यांतील लक्षणीय घटक मनात साठवी आणि त्यांची एकत्र मांडणी कागदावर करी. ग्रंथात छापलेली आकृती पुष्कळदा कोणत्याही एका दृष्टिक्षेत्राची प्रतिकृती नसे, तर ती अनेक क्षेत्रांचे निरीक्षकाने केलेले संकलन असे. या अर्थाने प्रतिमा सांधण्याची क्रिया यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. ती निरीक्षकाच्या मनात व हातात होत असे आणि तिची सत्यता निरीक्षकाच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असे. काय गाळले याची नोंद अशा आकृतीत राहत नसे.

२. परळची प्लेग प्रयोगशाळा : संख्येचा प्रश्न

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत दाखल झाले व ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःवर लसीचा प्रयोग केला. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलविण्यात आली. १९०६ मध्ये तिला बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे नाव मिळाले आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

१९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत केलेले काम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. उंदीर, पिसू व माणूस यांच्यातील रोगप्रसाराची साखळी सिद्ध करण्यासाठी शहरातून व शीव, वडाळा, परळ, वरळी या तत्कालीन गावांतून गोळा केलेले हजारो उंदीर तपासावे लागले. प्रत्येक उंदराच्या अवयवांचे लेप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही शास्त्रीय दृष्ट्या अचूक वाटणारी पद्धत होती. परंतु आयोगाने दोन्ही पद्धतींची तुलना केली असता निराळाच निष्कर्ष निघाला. गाठींची सूज, यकृतातील बदल, छातीतील द्रव अशा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून केलेले निदान केवळ लेपाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीपेक्षा सरस ठरले.

या निष्कर्षामुळे सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व कमी होत नाही. जंतूची ओळख पटविण्याचे काम त्याच्याचकडे होते. मात्र अनुभवी नजर संपूर्ण शरीर एका वेळी पाहते, तर सूक्ष्मदर्शक त्या शरीरातील एका थेंबाचा एक कण पाहतो, हा भेद येथे स्पष्ट झाला. वर्धन आणि व्याप्ती यांतील हा ताण परळच्या प्रयोगशाळेत असा मोठ्या प्रमाणावर अनुभवास आला.

३. ऊतीचा छेद आणि खानोलकरांची परंपरा

परळमध्ये सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२५ मध्ये व त्याच्याशी संलग्न केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरिअल रुग्णालयाचे उद्घाटन झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी स्वीकारली. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे अध्यापन केलेल्या खानोलकरांनी भारतीय परिस्थितीतील कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. १९४५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात लोकांच्या सवयींशी निगडित अशा कर्करोगप्रकारांची नोंद केली. धोतर घट्ट बांधण्याच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग हा त्यांपैकी एक होय. १९५२ मध्ये परळ येथे स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचेही ते संस्थापक होत. कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील ऊतींचा त्यांनी केलेला अभ्यासही मान्यता पावला.

जंतूंचा शोध व ऊतीच्या छेदाचे वाचन यांत एक मूलभूत फरक आहे. रक्ताच्या किंवा बेडक्याच्या लेपात घटक विखुरलेले असतात आणि कोणता घटक कोठे आहे याला फारसा अर्थ नसतो. छेदात मात्र स्थानाला अर्थ असतो. अर्बुदाची कड निरोगी ऊतीत कोठे शिरली आहे, शस्त्रक्रियेने कापलेल्या कडेपर्यंत ते पोहोचले आहे काय, लसिकाग्रंथीत पेशींचा एखादा पुंजका लपला आहे काय, या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या दृष्टिक्षेत्रांच्या परस्परसंबंधातून मिळतात. विकृतितज्ज्ञ म्हणूनच प्रथम अल्प वर्धनाखाली सबंध छेद पाहतो, मनात त्याचा नकाशा तयार करतो आणि नंतर निवडक जागी वर्धन वाढवितो. छायाचित्र मात्र एकाच दृष्टिक्षेत्राचे घेता येत असे. परिणामी अध्यापनात, निबंधात व दप्तरात राहिली ती निवडक क्षेत्रे. ज्या नकाशाच्या आधारे निदान झाले तो नकाशा तज्ज्ञाच्या स्मृतीतच राहिला.

४. शिवडी आणि शंभर दृष्टिक्षेत्रांचा नियम

क्षयरोगाच्या निदानात हा प्रश्न अंकांच्या रूपात उभा राहतो. सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर व १९९७ पासून विस्तृत प्रमाणावर राबविला गेला. २००६ पर्यंत त्याने संपूर्ण देश व्यापला आणि २०२० मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे झाले. या कार्यक्रमाने बेडक्याच्या तपासणीसाठी स्पष्ट नियम घालून दिले. काचपट्टीवर साधारण तीन सेंटिमीटर लांब व दोन सेंटिमीटर रुंद लेप करावा, तो झील-नेलसन पद्धतीने रंगवावा आणि ‘निगेटिव्ह’ असे लिहिण्यापूर्वी तेल-निमज्जन भिंगाखाली किमान १०० दृष्टिक्षेत्रे पाहावीत, असा तो नियम होता.

या नियमाचे गणित उद्बोधक आहे. लेपाचे क्षेत्रफळ ६०० चौरस मिलिमीटर होते. ०.१८ मिलिमीटर व्यासाच्या एका दृष्टिक्षेत्राचे क्षेत्रफळ सुमारे ०.०२५ चौरस मिलिमीटर आहे. म्हणजे सबंध लेपात जवळजवळ २३,५०० दृष्टिक्षेत्रे सामावतात आणि त्यांपैकी १०० पाहिली जातात. हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. एका क्षेत्रास तीन सेकंद दिले तर शंभर क्षेत्रांस पाच मिनिटे लागतात, तर सबंध लेप पाहण्यास एकोणीस तासांहून अधिक वेळ लागेल. एका तंत्रज्ञाने दिवसाला साधारण २० ते २५ काचपट्ट्यांहून अधिक वाचू नयेत, हा संकेतही डोळ्यांच्या थकव्याचा विचार करूनच ठरलेला आहे.

शंभर हा आकडा अशा रीतीने दोन मर्यादांमधील तडजोड दर्शवितो. रुग्णाच्या बाजूने अधिक पाहिले जाणे इष्ट असते, तंत्रज्ञाच्या बाजूने त्याहून अधिक पाहणे अशक्य असते. या पद्धतीने जंतू सापडण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात, असे मानले जाते. त्याहून कमी जंतू असलेला गिरणगावातील एखादा रुग्ण ‘निगेटिव्ह’ असा कागद घेऊन चाळीतील आपल्या खोलीत परतला असेल, तर त्यात तंत्रज्ञाचा हलगर्जीपणा असेलच असे नाही. तो नियमाच्याच मर्यादेचा परिणाम असू शकतो. पुढे एलईडी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक आल्यावर कमी वर्धनाखाली मोठे क्षेत्र पाहणे शक्य झाले आणि रेण्वीय चाचण्यांमुळे सूक्ष्मदर्शकावरील भार कमी होऊ लागला. तथापि, मंच सरकविणाऱ्या हाताच्या श्रमांवर देशव्यापी आरोग्यव्यवस्था दीर्घकाळ उभी होती, ही वस्तुस्थिती नोंदविणे आवश्यक आहे.

५. यंत्राकडे वळण : गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी

मंचाच्या स्वयंचलनाची प्रेरणा पाश्चात्त्य देशांत याच श्रमांतून निर्माण झाली. गर्भाशयमुखाच्या पेशींच्या पॅप तपासणीत एका काचपट्टीवर हजारो निरोगी पेशी असतात आणि विकृत पेशी मोजक्याच असू शकतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत ‘सायटोअ‍ॅनालायझर’ हे पेशी क्रमाने तपासणारे यंत्र तयार झाले. १९६६ मध्ये ज्युडिथ प्रेविट व मॉर्टिमर मेंडेलसोन यांनी सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा अंकांत रूपांतरित करून रक्तपेशींचे प्रकार संगणकाने ओळखता येतात, हे दाखवून दिले. १९८७ मध्ये तेथील वृत्तपत्रांनी अतिरिक्त कामाच्या ओझ्याखाली चुकीचे वाचन करणाऱ्या प्रयोगशाळा उजेडात आणल्या. १९८८ च्या कायद्यान्वये पुढे एका तंत्रज्ञासाठी २४ तासांत १०० काचपट्ट्यांची कमाल मर्यादा ठरविण्यात आली. त्यानंतरच्या दशकात काचपट्ट्या स्वतः वाचणाऱ्या यंत्रांना मान्यता मिळू लागली.

परळमध्ये याच प्रश्नाला वेगळे उत्तर शोधले गेले. पॅप तपासणीसाठी लागणारे प्रशिक्षित वाचक व प्रयोगशाळांचे जाळे सर्वत्र उपलब्ध होणे कठीण होते. टाटा मेमोरिअल केंद्राने १९९८ पासून मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या २० समूहांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास केला. त्यात प्राथमिक आरोग्य सेविकांनी गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांची तपासणी न करण्याच्या प्रश्नावर या अभ्यासाबाबत नैतिक वादही झाला. तो वाद बाजूस न सारताही एक साम्य नजरेत भरते. प्लेग आयोगाने उंदरांबाबत जो धडा घेतला होता त्याच धड्याजवळ परळ नव्वद वर्षांनी पुन्हा येऊन पोहोचले होते. काचपट्टी सबंध पाहणे शक्य नसेल तर कधी कधी काचपट्टीशिवायच पाहणे अधिक उपकारक ठरते.

६. स्वयंचलित मंचाची कार्यपद्धती

स्वयंचलित मंचात हाताने फिरवावयाच्या दोन खुंट्यांची जागा दोन स्टेपर मोटरी घेतात. अशी मोटर एका फेऱ्यात सामान्यतः २०० टप्पे घेते. तिला एक मिलिमीटर आट्याचा पेच जोडल्यास प्रत्येक टप्प्याला मंच पाच मायक्रोमीटर सरकतो. टप्प्यांचे विद्युत पद्धतीने आणखी विभाजन केल्यास त्याहून सूक्ष्म हालचाल साधते. तिसरी मोटर केंद्रण साधते. मंच एका जागी थांबतो, कॅमेरा प्रतिमा घेतो, मंच पुढे सरकतो. रांग संपली की मंच पुढील रांगेवर जातो.

उदाहरणादाखल १५ मिलिमीटर लांबी-रुंदीचा एक छेद घेता येईल. प्रत्येक चित्रबिंदू ०.२५ मायक्रोमीटरचा धरल्यास २,०४८ बिंदूंच्या कॅमेऱ्यास एका वेळी सुमारे अर्धा मिलिमीटर भाग दिसतो. शेजारच्या प्रतिमांत एक-दशांश भाग समाईक ठेवला तर ३३ रांगांत प्रत्येकी ३३ अशा १,०८९ प्रतिमा घ्याव्या लागतात. त्या सांधून होणाऱ्या चित्रात ३६० कोटी बिंदू असतात व संक्षेपण न केल्यास ते सुमारे ११ जीबी जागा व्यापते.

समाईक भाग ठेवण्याचे कारण असे की पेचाच्या आट्यांत नेहमीच थोडी ढिलाई असते. यंत्रशाळेत तिला ‘प्ले’ म्हणतात. त्यामुळे मंचास सांगितलेले अंतर व तो प्रत्यक्ष सरकलेले अंतर यांत फरक पडतो. कॅमेरा मंचाच्या अक्षाशी किंचित तिरपा असला तरी जोड चुकतात. म्हणून दोन प्रतिमांतील समाईक भाग एकमेकांवर ठेवून त्यांचे नेमके विस्थापन गणिताने काढले जाते. १९७५ मध्ये कुगलिन व हाइन्स यांनी मांडलेली कला-सहसंबंधाची पद्धत यासाठी आजही वापरली जाते. परंतु जोडामागून जोड लावत गेल्यास प्रत्येक जोडातील चूक पुढे साठत जाते. ३३ प्रतिमांच्या रांगेत प्रत्येक जोड एकाच दिशेने एका बिंदूने चुकला, तर रांगेच्या शेवटी आठ मायक्रोमीटरची तफावत पडते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास जवळजवळ तेवढाच असतो. यावर उपाय म्हणून सर्व जोडांचा एकत्र विचार करून एकूण चूक किमान राहील अशी मांडणी शोधली जाते. २००९ मध्ये प्राइबिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पद्धत सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून दिली.

भूमापनाच्या अभ्यासकांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. १८६५ ते १८७२ या काळात लाफ्टन यांनी मुंबई बेटाचे मोजमाप केले तेव्हा शहराचा नकाशा अनेक स्वतंत्र पत्रांवर उतरविला गेला. शेजारच्या पत्रांच्या कडा जुळल्या पाहिजेत, ही अशा कामाची पहिली अट असते. एका पत्रावरून दुसऱ्यावर जाताना गल्ली तुटली तर मालमत्तेचा वाद उभा राहतो. काचपट्टीच्या नकाशात कड तुटली तर पेशी हरवते किंवा एकाच पेशीच्या दोन दिसतात.

व्याप्तीइतकाच केंद्रणाचा प्रश्न कठीण असतो. ऊतीचा छेद तीन ते पाच मायक्रोमीटर जाड असतो, तर उच्च वर्धनाच्या भिंगाची स्पष्टतेची खोली सुमारे एक मायक्रोमीटर असते. काच किंचित वाकडी किंवा छेदास घडी पडलेली असली तरी काही प्रतिमा अस्पष्ट येतात. प्रकाश कडांना मंद असल्यास सांधलेल्या चित्रावर चौकटींची जाळी उमटते. त्यासाठी मोकळ्या काचेची प्रतिमा घेऊन दुरुस्ती करावी लागते.

७. परळमधील अंकीय काचपट्टी

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सबंध काचपट्टीची प्रतिमा घेणारी यंत्रे बाजारात येऊ लागली. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका प्रणालीस प्राथमिक निदानासाठी प्रथमच अनुमती दिली. तोवर या प्रतिमा प्रामुख्याने अध्यापन, संशोधन व दुसरे मत घेण्यासाठी वापरल्या जात.

२०२० च्या टाळेबंदीने या तंत्राची कसोटी पाहिली. मुंबईतील वाहतूक थांबली, पण कर्करोगाच्या रुग्णांचे निदान थांबविणे शक्य नव्हते. टाटा मेमोरिअल रुग्णालयातील विकृतितज्ज्ञांनी अंकीय प्रतिमांच्या आधारे घरून निदान करण्याची पद्धत अवलंबिली, तिची काचेवरील निदानाशी तुलना केली आणि आपला अनुभव २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या परिसरात एकेकाळी निदानाचा नकाशा तज्ज्ञाच्या स्मृतीत राहत असे तेथे तो नकाशा आता दुसऱ्याला दाखविता येऊ लागला. काचपट्टी परळमध्ये आणि निरीक्षक आपल्या घरी, अशी विभागणी प्रथमच शक्य झाली.

महाविद्यालयीन पातळीवरही हे तंत्र आता अप्राप्य राहिलेले नाही. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत ‘मायक्रो-मॅनेजर’ ही मुक्त संगणकप्रणाली विकसित होऊ लागली. तिच्या साहाय्याने निरनिराळ्या कंपन्यांचे मंच व कॅमेरे एकत्र चालविता येतात. त्रिमितीय मुद्रणाने बनविलेल्या मंचांचे आराखडेही मुक्तपणे मिळतात. गिरगावलगतच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या लहान मोटरी व नियंत्रकपट्ट्या वापरून जुन्या सूक्ष्मदर्शकाचा मंच चालविणे हा पदार्थविज्ञान, संगणकशास्त्र व जीवशास्त्र या विभागांचा संयुक्त प्रकल्प होऊ शकतो. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात चाळीस विद्यार्थ्यांनी खोडाच्या एकाच छेदाचा सबंध नकाशा पाहणे यातून शक्य होते.

८. चर्चा : प्रश्न सुटला की सरकला?

वरील विवेचनावरून असे वाटणे स्वाभाविक आहे की यंत्र सबंध काचपट्टी पाहत असल्यामुळे ‘किती पाहिले’ हा प्रश्न संपला. वस्तुस्थिती तशी नाही. बहुतेक यंत्रे प्रथम अल्प वर्धनाखाली काचपट्टीची एक प्रतिमा घेतात आणि ऊती कोठे आहे हे ठरवून तेवढाच भाग तपशिलाने टिपतात. फिक्या रंगाचा किंवा मुख्य छेदापासून सुटलेला लहानसा तुकडा या टप्प्यावर वगळला जाऊ शकतो. अस्पष्ट आलेली प्रतिमा सांधलेल्या चित्रात इतकी बेमालूम मिसळते की पाहणाऱ्यास ती उणीव जाणवेलच असे नाही. बहुधा एकाच पातळीवरील केंद्रण टिपले जात असल्यामुळे खुंटी किंचित फिरवून छेदाच्या खोलीत पाहण्याची सोयही राहत नाही.

हाताने मंच सरकविणाऱ्या तंत्रज्ञास आपण काय पाहिले नाही याची जाणीव असे. सांधलेली प्रतिमा मात्र पूर्णतेचा आभास निर्माण करते. तिच्यातील गाळलेली जागा ही गाळलेली जागा म्हणून दिसत नाही. कार्टरकालीन रेखाटनाविषयी जो आक्षेप घेता येतो तोच येथे नव्या रूपात उपस्थित होतो. फरक एवढाच की तेथे निवड माणूस करी आणि आता ती यंत्राच्या पूर्वनिश्चित मांडणीत दडलेली असते.

या आक्षेपास उत्तर देण्याची क्षमताही याच तंत्रात आहे, हे मान्य केले पाहिजे. मंच किती ठिकाणी थांबला, कोणत्या ठिकाणी केंद्रण साधले नाही, कोणते जोड संशयास्पद आहेत, या सर्वांची नोंद यंत्राकडे असते किंवा सहज ठेवता येते. हाताच्या तपासणीत अशी नोंद ठेवणे अशक्यप्राय होते. ही नोंद प्रतिमेसोबत जपली गेली, तर ‘आढळले नाही’ या विधानाशेजारी ते किती क्षेत्र पाहून केले आहे हे प्रथमच लिहिता येईल.

श्रमांच्या प्रश्नाचाही विचार व्हावयास हवा. यंत्र मंच सरकविते, परंतु छेद सपाट बसविणे, तो योग्य रंगविणे, काच स्वच्छ करणे ही कामे तंत्रज्ञच करतो. अंकीय प्रतिमेचा दर्जा पडद्यासमोर बसलेल्या तज्ज्ञाइतकाच त्या हातांवर अवलंबून असतो. वैद्यकाच्या इतिहासात या तंत्रज्ञांची नावे क्वचितच येतात.

समारोप

भायखळा ते शिवडी या टापूतील सुमारे दीड शतकाचा हा आढावा पाहता सूक्ष्मदर्शकाचा इतिहास हा केवळ अधिकाधिक लहान वस्तू दिसू लागण्याचा इतिहास नाही, हे स्पष्ट होते. कार्टर यांना काळाची मर्यादा जाणवली, प्लेग आयोगाला संख्येची, खानोलकरांच्या परंपरेला स्थानाची आणि क्षयरोग कार्यक्रमाला श्रमांची. स्वयंचलित मंच व प्रतिमा-सांधणी यांनी यांपैकी शेवटच्या तीन मर्यादा बऱ्याच अंशी दूर केल्या, परंतु पूर्णतेची खात्री देण्याची जबाबदारी हातावरून यंत्राच्या मांडणीवर टाकली.

म्हणूनच ज्या संस्था व महाविद्यालये हे तंत्र स्वीकारतील त्यांनी प्रत्येक सांधलेल्या प्रतिमेसोबत व्याप्तीची नोंद जतन करणे, ती नोंद वाचण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना देणे आणि मूळ काचपट्टी टाकून न देणे, या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. चित्र कितीही सलग दिसले तरी ते तुकड्यांचे बनलेले असते. ‘आढळले नाही’ असा कागद घेऊन रुग्णालयाबाहेर पडणाऱ्या माणसाला त्या तुकड्यांपैकी कोणते पाहिले गेले हे विचारण्याचा हक्क आहे आणि आता त्याचे उत्तर देणेही शक्य झाले आहे.